घरगाडीची शेपूट

यादवराव तायडे कुठलीही गाडी हातात घेतली की आधी तिच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. पुठ्ठ्याचा तुकडा जमिनीवर टाकायचे, पाठीवर झोपून गाडीखाली सरकायचे आणि छोट्या हातोडीनं चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत ठोकत पुढच्या चाकापासून शेपटापर्यंत जायचे. आवाज कुठे बसका येतो तिथे खडूनं फुली मारायची. मग बाहेर येऊन हात पुसत सांगायचे, होईल किंवा नाही होणार.

ते मूळचे मूर्तिजापूरचे. रेल्वेच्या वर्कशॉपात हंगामी वेल्डर होते. कायम होऊ, कायम होऊ करत सहा वर्षं गेली आणि एक्क्याऐंशी साली त्यांनी बहरीनचं विमान धरलं. तेव्हापासून तुबलीच्या एकाच गॅरेजात. खाडीच्या कडेला पत्र्याच्या शेडांची रांग होती, तिच्यातली ही चौथी शेड. पाण्याचे टँकर, ट्रेलर, खडी वाहणारे ट्रक असली जड कामं तिथे यायची. एकदा एका टँकरची चासी बघून यादवराव नाही म्हणाले होते. गॅरेजचा मालक, सगळे त्याला अरबाब म्हणत, फार चिडला होता. त्यानं ते काम दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं आणि आठवड्याच्या आत टँकर क्रेनला लटकून परत आला. त्या दिवसापासून अरबाब यादवरावांना ‘मुहंदिस’ म्हणजे इंजिनिअर म्हणू लागला. थट्टेत म्हणायचा, पण म्हणायचा.

बायको पुष्पलता सलमानियाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात वॉर्डातली आया होती. तिला ती नोकरी मिळाली तेव्हा दोघांनी बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या एका दुकानावरची खोली घेतली. मुलगा सुजीत मूर्तिजापूरला यादवरावांच्या मोठ्या भावाकडे वाढला. तो आता अमरावतीला इंजिनिअरिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. अरबाबनं ‘मुहंदिस’ अशी हाक मारली की यादवरावांना दर वेळी मुलगाच आठवायचा. खरा मुहंदिस दोन वर्षांनी आमच्या घरात येईल, असं ते मनात म्हणायचे.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात शेडसमोर एक भलीमोठी पांढरी गाडी येऊन उभी राहिली. आत झोपायला पलंग, चूल, न्हाणी, सगळं. मोटरहोम. यादवराव तिला पहिल्या दिवसापासून घरगाडी म्हणाले. देश सोडून चाललेल्या एका अमेरिकन माणसाकडून ती विकत घेतली होती दत्तप्रसाद सबनीसांनी. सबनीस पुण्याचे, एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. तुबलीत एक मराठी वेल्डर आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून शोधत आले होते. नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव ऐकल्यावर क्षणभर थांबून “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि मग कामाचं बोलू लागले.

काम साधं होतं. ईदच्या सुट्टीत घरगाडी घेऊन दक्षिणेकडे साखीरच्या वाळवंटात तीन दिवस राहायचं, जल्लाकच्या किनाऱ्याला जायचं. सोबत दोन सायकली न्यायच्या, एक त्यांची, एक बायकोची. सायकली आत ठेवल्या तर बसायला जागा उरत नव्हती. तेव्हा गाडीच्या मागे टोचनाला, म्हणजे दुसरी गाडी ओढायच्या पट्टीला, अडकवायचा एखादा रॅक हवा होता. त्यासाठी सबनीसांनी अमेरिकेतली दोन-तीन कॅटलॉगं मागवली होती. कुठला रॅक घ्यावा, हे त्यांना यादवरावांना विचारायचं होतं.

सोळा वर्षांत यादवरावांना कुणी काही विचारलं नव्हतं. हे कर, ते कर, कधी होईल, एवढंच. आणि हा शिकलेला माणूस स्टुलावर बसून, कॅटलॉग मांडीवर पसरून, मराठीत लोखंडाविषयी बोलत होता. यादवरावांनी कॅटलॉगातलं इंग्रजी बाजूला ठेवलं आणि चित्रं वाचली. चित्रं त्यांना अक्षरांपेक्षा चांगली वाचता यायची. रॅक दोन जातींचे होते. एकात दोन हात बाहेर आलेले, सायकली त्यांच्यावर मधल्या दांडीनं लटकवायच्या. तो हलका होता, पण बाईंच्या सायकलीला मधली दांडी नव्हती, ती तिरकी लटकली असती आणि तिचं चाक धुराड्याच्या नळीसमोर आलं असतं. दुसऱ्यात खाली पन्हळी होत्या, सायकली त्यांच्यात उभ्या करून चाकं पट्ट्यांनी आवळायची. तो मजबूत होता, पण वजन जवळजवळ दुप्पट आणि गाडीपासून लांब बाहेर आलेला.

सबनीस चार वेळा आले. कधी मापं घेतली, कधी नुसतीच चर्चा. यादवराव त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा मागवायचे. संध्याकाळी घरी गेल्यावर पुष्पलताला सांगायचे, की आज सायेब आले होते, सायकल लटकवावी का उभी करावी यावर दीड तास बोललो. पुष्पलता हसायची. तिला वाटायचं, एवढ्याशा गोष्टीनं हा माणूस किती खूश होतो.

पाचव्या भेटीत यादवराव पहिल्यांदा घरगाडीखाली गेले. खरं तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं, पण गप्पांत राहून गेलं होतं. मूळ ट्रकची चासी मागच्या चाकापलीकडे थोडं जाऊन संपत होती. घर लांब करायला गाडी बनवणाऱ्यांनी तिच्या टोकाला आणखी पाच फूट पातळ पत्र्याचं चॅनल जोडलं होतं. टोचनाची जुनी पट्टी त्याच चॅनलच्या टोकाला होती. यादवरावांनी हातोडी मारली. डाव्या बाजूला आवाज बसका आला. त्यांनी काजळी खरवडली तर खाली एक जुनी चीर दिसली, कुणीतरी वरवर भरून रंग मारलेली. त्यांनी खडूनं फुली मारली आणि बाहेर आले.

“सायेब, या गाडीले मांगं काई लटकवू नका,” ते म्हणाले.

सबनीसांना वाटलं, थट्टा करतायत. यादवरावांनी त्यांना पुठ्ठ्यावर झोपवून आत नेलं, फुली दाखवली. बाहेर आल्यावर सबनीसांनी खिशातून वही काढली. रॅक तेवीस किलो, दोन सायकली बत्तीस, मिळून पंचावन्न. टोचनाची क्षमता त्याच्या तिप्पट लिहिलेली आहे, असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं.

“पंचावन किलो उभ्या गाडीवर,” यादवराव म्हणाले. “मांगच्या चाकापासून शेपूट नऊ फूट बाहेर हाये. गाडी खड्ड्यातून गेली का समोर इंचभर उडते, मांगं हातभर उडते. मंग त्या पंचावनाचे दोनशे होते, तीनशे होते. अन् ते चॅनल आधीच चिरलं हाये.”

उपायही त्यांनीच सांगितला. मागची फरशी उचलायची, पाण्याची टाकी काढायची, पातळ चॅनल कापून जाड घालायचं, थेट मूळ चासीपर्यंत नेऊन बांधायचं. तीन आठवडे लागतील. पण रमजान सुरू होत होता. गॅरेज दुपारी एकलाच बंद व्हायचं, म्हणजे तीनाचे पाच आठवडे. ईद त्याच्या आधी येत होती. सबनीसांची रजा मंजूर झाली होती आणि ऑफिसातली दोन कुटुंबं आपापल्या गाड्या घेऊन सोबत येणार होती. ते म्हणाले, बघू, विचार करतो.

त्यानंतर तीन-साडेतीन आठवडे ते आलेच नाहीत. यादवरावांना वाटलं, बेत रद्द झाला असेल. त्यांना वाईटही वाटलं, कारण गप्पा संपल्या होत्या.

ईदच्या चार दिवस आधी सबनीस आले, सोबत त्यांची पंधरा वर्षांची मुलगी कश्मिरा आणि खोक्यात बांधलेला नवा रॅक. पन्हळींचा, जड. आता फक्त जुन्या पट्टीच्या जागी दोन इंची चौकोनी पाइप वेल्ड करायचा होता, त्यात रॅकचा दांडा बसणार होता. यादवरावांनी चॅनलचं काय केलं ते विचारलं. सबनीस म्हणाले, सुट्टीवरून आलो की करू, तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

कश्मिरा खोक्यातला माहितीचा कागद वाचत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. “डॅड, इट सेज नॉट फॉर मोटरहोम्स,” ती म्हणाली.

“कंपन्या तसं लिहितात गं. उद्या कुणी कोर्टात गेलं तर अंगाशी नको म्हणून.”

यादवरावांना त्या वाक्यातला ‘नॉट’ तेवढा कळला. त्यांनी हातातला ग्राइंडर खाली ठेवला. “सायेब, पोरगी वाचून सांगते, मी ठोकून सांगतो. दोगंबी तेच सांगतो हाये.”

सबनीस हसले. राग नव्हता त्या हसण्यात, उलट समजूत काढल्यासारखंच होतं. “तायडे, तुमचा अनुभव मी मानतो. पण हिशेब मी केलाय. शेवटी मी इंजिनिअर आहे.”

यादवराव गप्प झाले. का गप्प झाले, हे त्यांना पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगता आलं नाही. अरबाबनं केबिनच्या दारातून यल्ला यल्ला केलं, दोन ट्रक अजून बाहेर उभे आहेत म्हणाला, हे एक कारण झालं. रोजा चालू, सगळ्यांची डोकी तापलेली, हे दुसरं. पण टँकरच्या वेळी याच अरबाबसमोर ते पाय रोवून उभे राहिले होतेच की. या वेळी त्यांना वाटलं, आपण नाही म्हटलं तर हा माणूस उठून जाईल आणि पुन्हा कधी स्टुलावर येऊन बसणार नाही. शिवाय इंजिनिअर तो, हिशेब त्याचा. आपला सुजीत उद्या असाच कुणाला सांगेल, तेव्हा त्याचं ऐकलं जावं असं आपल्याला वाटेलच ना. असलं काहीबाही मनात आलं आणि तेवढ्यात हात चालू झाले होते. जोड मात्र त्यांनी जीव ओतून केला. दोन थर भरले, चारी बाजूंनी त्रिकोणी आधार दिले, थंड झाल्यावर स्वतः त्यावर उभे राहून उड्या मारल्या. सबनीसांनी टाळी वाजवली.

ईदचे दोन दिवस काही झालं नाही. घरगाडी साखीरच्या कच्च्या वाटांवरून हिंडली. सबनीस नवरा-बायको सायकलींवर फिरले. तिसऱ्या दिवशी दुपारी परतताना मोठ्या रस्त्यावरच्या एका उंचवट्यावर शेपूट उडाली आणि चॅनल डाव्या बाजूनं फाटलं. रॅक दोन्ही सायकलींसकट सुटून रस्त्यावर आपटला आणि उसळून मागून येणाऱ्या गाडीच्या काचेतून आत गेला. ती गाडी हमीदा नावाची एक शाळामास्तरीण चालवत होती. ईदचा फराळ घेऊन ती आईकडे निघाली होती.

यादवरावांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. पोलिसांच्या आवारात रॅक पडला होता. त्यांनी जवळ जाऊन बघितलं. त्यांचा जोड जसाच्या तसा होता. एक टवकासुद्धा उडाला नव्हता. त्याच्या मागे हातभर चॅनल फाटून आलं होतं आणि फाटलेल्या कडेवर खडूची अर्धी फुली अजून दिसत होती. क्षणभर त्यांना हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच त्यांना किळस आली.

जबाब हिंदीत झाला, एक माणूस त्याचं अरबीत भाषांतर करत होता. यादवरावांनी सांगितलं की मी गाडीच्या मालकाला नाही म्हटलं होतं. मग सबनीसांना विचारलं. ते म्हणाले, चासीविषयी सर्वसाधारण चर्चा झाली होती, पण काम गॅरेजनं स्वीकारलं आणि पूर्ण करून दिलं. त्यात खोटं काही नव्हतं. अरबाबला विचारलं तेव्हा तो म्हणाला, हा माझा मुहंदिस आहे, हा नाही म्हणाला असता तर मी काम घेतलंच नसतं, एकदा टँकर घेतला आणि शिकलो. तेही खरंच होतं. शेवटी पुन्हा यादवरावांना एकच विचारलं गेलं, जोड कुणी केला? मी केला, ते म्हणाले. चीर माहीत असताना केलास? हो, माहीत असताना. भाषांतर करणाऱ्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून त्यानं परत विचारलं. यादवरावांनी तेच उत्तर परत दिलं.

हमीदा सलमानियाला होती. पुष्पलता ज्या मजल्यावर काम करायची, त्याच मजल्यावर. उजवा डोळा गेला होता, चेहऱ्याला टाके होते. पुष्पलताला पहिले दोन दिवस माहीत नव्हतं की ही तीच बाई. ती तिची चादर बदलायची, पाणी पाजायची, उशी नीट करायची. हमीदाला थोडी हिंदी यायची. शाळेत मी भूगोल शिकवते, ती म्हणाली, नकाशे काढते फळ्यावर. तिसऱ्या दिवशी गादीच्या पायथ्याशी बसलेल्या तिच्या आईनं अपघाताची हकिगत सांगितली आणि पुष्पलतानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

घरी येऊन तिनं यादवरावांना सांगितलं. मी भेटायला येतो, ते म्हणाले. ती म्हणाली, नका येऊ, मीच सांगते. चार दिवसांचा का होईना, अन्न-पाण्याचा संबंध, तिला वाटलं, बाईच्या जातीला बाई समजून घेईल. दुसऱ्या दिवशी आई बाहेर गेलेली बघून तिनं सांगून टाकलं. ज्यानं ते लोखंड जोडलं, तो माझा नवरा. हमीदानं उशीवरून मान उचलली. मग तिनं विचारलं, “उसको मालूम था?”

पुष्पलता खोटं बोलू शकली असती. ती हो म्हणाली.

“तुम मेरे पास मत आना,” हमीदा म्हणाली. आवाज चढवला नाही, तोंडही फिरवलं नाही. पुष्पलतानं भांडं उचललं, नर्सला सांगून दुसऱ्या वॉर्डात बदली मागून घेतली. त्यानंतर तिनं तो प्रसंग नवऱ्याला जसाच्या तसा सांगितला, काही वगळलं नाही. यादवरावांच्या पुढ्यात जेवायला वाढलेलं तसंच राहिलं.

पोलिसांकडून हुकूम आला आणि महिन्याभरात अरबाबनं यादवरावांचा व्हिसा कॅन्सल केला. तो स्वतः खोलीवर आला होता. माझ्या हातात काही नाही, खलास, म्हणाला, आणि जिन्यावरून उतरताना त्यानं डोळे पुसले. पुष्पलताची नोकरी स्वतंत्र होती. सुजीतचं शिक्षण अर्ध्यावर होतं. दोघांनी फार चर्चा केली नाही, कारण चर्चेत निघण्यासारखं काही नव्हतं. तिनं राहायचं आणि त्यांनी जायचं. कापडाच्या दुकानावरची खोली सोडून ती आणखी तीन आयांबरोबर एका खोलीत राहायला गेली.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी सबनीस आले. कश्मिरा सोबत होती. दोघं दारातच उभे राहिले, कारण आत बांधाबांध चालली होती. सबनीसांचा चेहरा महिन्याभरात उतरला होता. घरगाडी भंगारात दिली, त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “तायडे, मी खोटं बोललो नाही. फक्त सगळं बोललो नाही.”

यादवराव दोरी आवळत होते. “मीबी नाई बोललो, सायेब. एकडाव नाई म्हणून सांगतलं अन् गप बसलो. अजून एकडाव सांगाले पायजे होतं. वेल्डिंगची टॉर्च फेकून देयाले पायजे होती.”

“तुमचा जोड टिकला होता,” सबनीस म्हणाले. त्यांना काहीतरी चांगलं बोलायचं असावं.

यादवरावांनी दोरीला गाठ मारली. कश्मिराच्या डोळ्यांत पाणी होतं. ती अडखळत मराठीत म्हणाली, “काका, मी वाचलं होतं.” तेवढं एकच वाक्य. पुष्पलतानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बापलेक निघून गेले.

मूर्तिजापूरला यादवरावांनी स्टेशनरोडवर एका दुकानात खिडक्यांच्या जाळ्या बनवायचं काम धरलं. गाडीच्या कामाला ते हात लावत नसत. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुजीत घरी आला तेव्हा त्यानं सगळं खोदून खोदून विचारलं. चॅनल किती जाड, शेपूट किती लांब, रॅक किती बाहेर. मग एका दुपारी तो कागद घेऊन बसला. अर्ध्या तासात त्यानं आकृती काढली, बाण काढले, आकडे मांडले आणि कागद वडिलांसमोर धरला. “बाबा, तुमचं बरोबर होतं,” तो म्हणाला. “चालत्या गाडीत वजन साडेचारपट होतं. ते चॅनल चीर नसती तरी गेलं असतं. तीन दिवस टिकलं हेच नवल.”

यादवरावांनी कागद हातात घेतला. आकृती नीटस होती. मापं बरोबर होती.

“हे कोणत्या वर्षाले शिकवते तुमाले?” त्यांनी विचारलं.

“हे? हे दुसऱ्या वर्षालाच असतं. सोपं आहे.”

यादवराव कागदाकडे बघत राहिले. म्हणजे सबनीसांना हे येत होतं. तेवीस आणि बत्तीस पंचावन्न असा हिशेब मांडताना पुढचं गणित त्यांना माहीत होतं, फक्त त्यांनी ते केलं नव्हतं. आणि आपल्याला गणित येत नव्हतं, पण उत्तर माहीत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, तो मुलाच्या हातात परत दिला आणि कामाला निघून गेले. सुजीतला वाटलं होतं बाबांना बरं वाटेल. आपलं काय चुकलं, ते त्याला कळलं नाही.

पुष्पलताचं पत्र महिन्यातून एकदा यायचं. पावसाळा संपता संपता आलेल्या पत्रात तिनं लिहिलं होतं, की हमीदाबाई परत भरती झाली आहे. दुसऱ्या डोळ्यालाही आता कमी दिसतं. डॉक्टर म्हणतात कधी कधी एका डोळ्याचं दुखणं दुसऱ्यात उतरतं. शाळा सुटली तिची. मी लांबून बघते, जवळ जात नाही.

उत्तरात काय लिहावं, ते यादवरावांना आठ दिवस सुचलं नाही. रोज कामावरून आल्यावर ते परदेशी टपालाचं हवाईपत्र घेऊन ओट्यावर बसायचे आणि तसेच उठायचे. नवव्या दिवशी त्यांनी लिहिलं, की सुजीत पास झाला, भावाची तब्येत बरी आहे, यंदा विहिरीला पाणी आहे, तू जेवणाची हेळसांड करू नकोस. हमीदाविषयी एक ओळ लिहिली होती, ती शाईनं गच्च खोडली, आणि पत्र चिकटवून पेटीत टाकून आले.